काकू कोऱ्या होऊन बसतात

मास्तरांचा जगात एकाच गोष्टीवर खरा राग होता, तो म्हणजे न कळता हलवलेल्या मानेवर. टायपिंगचा क्लास चालवण्यात त्यांचं अख्खं आयुष्य गेलं. समोरची पोरं "कळलं का?" म्हटलं की एकजात माना डोलवायची आणि मशीनवर बोटं ठेवली की सगळा आनंदीआनंद. "अरे, नाही कळलं म्हणायला काय जातं तुमच्या बापाचं?" असं मास्तर तावातावाने ओरडायचे. पोरं त्यालाही मान हलवायची!

अशा माणसाला बायको मात्र अगदी मनासारखी मिळाली. काकू, म्हणजे सगळा मोहल्ला त्यांना काकूच म्हणायचा, घरी शिवणकाम करायच्या. शर्ट, फ्रॉक, पडदे, उशांचे अभ्रे, काय म्हणाल ते. आणि काकूंनी उभ्या जन्मात न कळता मान हलवली नव्हती. बँकेत खिडकीपलीकडचा माणूस भराभर काही सांगून मोकळा झाला की या तिथेच ठाण मांडायच्या. "थांबा. नाही कळलं. पुन्हा सांगा." मागे रांग खोळंबलेली असायची, लोक उसासे टाकायचे, घड्याळं बघायचे. काकूंना त्याचं सोयरसुतक नाही. नात्यातले लोक तर त्यांच्यासमोर विनोद सांगायला घाबरायचे, कारण विनोद कळला नाही की त्या तोही समजावून मागायच्या आणि समजावलेल्या विनोदाइतकं केविलवाणं जगात दुसरं काही नसतं. मास्तर अशा वेळी कोपऱ्यात बसून मिशीत हसायचे. बायकोच्या या हट्टावर त्यांचा जीव होता.

पुढे टायपिंगचे दिवस संपले. मशीनं भंगारवाल्याने नेली, तेव्हा मास्तर दारातही आले नाहीत. मग दिवसभर घरात, काकूंच्या पायात पायात. हे इथे का ठेवलं, ते तिथे का नाही. काकू वैतागल्या. "अहो, तुम्हाला या कात्रीची शपथ, कुठेतरी जा बघू!" नशिबाने त्याच सुमारास वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंचा निरोप आला. कुठल्याशा कचेरीने आपले जुने कॉम्प्युटर वाचनालयाला देऊन टाकले होते आणि वरच्या मजल्यावरची खोली रिकामी होती. "मास्तर, लोकांना वेबपेज करायला शिकवाल का? अगदी पहिल्यापासून. फी मात्र घ्यायची नाही."

मास्तर स्वतः ते लेकीकडून शिकले होते. लेक कॉलेजात असताना तिच्या खांद्यावरून डोकावून डोकावून त्यांनी तिला भंडावून सोडलं होतं. ती नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली, तेव्हा तिचा जुना लॅपटॉप घरी राहिला आणि ही विद्याही राहिली. मास्तरांनी एका पायावर हो म्हटलं.

फी घ्यायची नाही म्हणजे पुस्तकं विकत आणायलाही पैसे नाहीत. मग जे काही शिकवायचं ते इंटरनेटवरून फुकटात शोधायचं. आता या फुकट शब्दाबद्दल थोडं बोलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. इंटरनेटवर फुकट शिकवणाऱ्यांचा सुळसुळाट आहे. त्यातल्या निम्म्यांचं फुकट म्हणजे पहिले चार धडे फुकट. पाचव्याच्या दारात कार्डाचा नंबर मागायला माणूस उभा. काहींचं सगळं फुकट, पण एकदा तुमचा ईमेल घेतला की मग रोज सकाळी तुमची चौकशी करतात, इतकी की सख्खा भाऊ करणार नाही. काही व्हिडिओत एक तरतरीत मुलगा "हे अगदी सोपं आहे" म्हणतो आणि असा सुटतो की पापणी लवेपर्यंत पान तयार! मास्तर अशा मुलांना स्क्रीनवरच शिव्या घालायचे. "अरे गाढवा, तुला सोपं आहे. तुझ्यापुरतं बोल!" जो धडा "हे तर तुम्हाला माहीतच असेल" असं म्हणायचा, तो तिथल्या तिथे बाद. कारण ज्याला माहीत आहे तो वाचनालयाचा जिना चढेल कशाला?

पण मास्तरांना एक पेच पडला. धडा नवख्याला कळेल की नाही, हे ठरवायचं कोणी? त्यांना स्वतःला सगळं येत होतं. येणाऱ्या माणसाला न येणं कसं असतं ते कधीच आठवत नाही. विद्यार्थ्यांना विचारावं, तर ते मान हलवणार. विचार करता करता त्यांचं लक्ष शिवणयंत्रापाशी बसलेल्या बायकोकडे गेलं.

"अगं, जरा इकडे ये."

"का? काय सांडलं?"

तर अशी ती सुरुवात झाली. काकूंनी तोवर लॅपटॉपवरची फक्त धूळ पुसली होती. मास्तर धडा उघडून द्यायचे आणि शेजारी गप्प बसायचे. तोंड उघडायचं नाही हा करार. काकू एकेक ओळ वाचायच्या, धडा सांगेल तेवढंच करायच्या आणि जिथे अडेल तिथे कपडा कापायची मोठी कात्री उचलून तिच्या मुठीने टेबलावर ठक्क करायच्या. "अडलं." मास्तर ती जागा लिहून घ्यायचे. धड्यात फार ठक्क झाले की धडा गेला. ज्या धड्याला काकू शेवटी "कळलं" म्हणायच्या, तोच वाचनालयाच्या माडीवर चढायचा. त्या "कळलं"ला सोन्याचं मोल होतं, कारण तो शब्द या बाईच्या तोंडून फुकटात कधीच निघत नसे.

क्लास काय सुरेख चालला, म्हणता! कुरिअरवाला यायचा, एका दुकानातला सेल्समन, पेन्शनीतले एक गृहस्थ. ज्याने कधी माउस धरला नव्हता तो महिन्या-दोन महिन्यांत स्वतःचं पान करायचा. आणि शिकवण्यात अर्ध्या गोष्टी काकूंच्या. एक धडा होता, पानावर बटण कसं ठेवायचं आणि ते दाबलं की पानाचा रंग कसा बदलायचा, याचा. काकूंनी तो केला आणि म्हणाल्या, "म्हणजे नुसतं बटण टाकलं तर ते शोभेचं. दाबल्यावर काय व्हायचं ते लिहिलं, की मग त्याला काज झालं." मास्तर खुर्चीतून उठलेच. आयुष्यभर शिकवून त्यांना इतकं सोपं सुचलं नव्हतं. तेव्हापासून क्लासात त्याचं नाव काज-बटणाचा धडा. काकूंना तो इतका आवडायचा की नवी बॅच त्याच्यापाशी पोचली की त्या मुद्दाम वाचनालयात येऊन मागे बसायच्या आणि पहिल्यांदा कुणाचा रंग बदलला की टाळी वाजवायच्या.

इंटरनेटचा मात्र भरवसा नसतो. आज असलेला धडा उद्या नाहीसा होतो, कुणीतरी तो सुधारतो म्हणजे बिघडवतो. म्हणून मास्तरांचा नियम असा की प्रत्येक नव्या बॅचआधी सगळे धडे पुन्हा काकूंच्या हाताखालून जायचे. क्लासातली मंडळी हसायची. "मास्तर, काकू आता नवख्या कुठे राहिल्या? त्या तर आम्हाला शिकवतील!" त्यावर काकू म्हणायच्या, "मी कोरी होऊन बसते. माझ्या डोक्यात काय आहे ते बाजूला ठेवायचं. धड्यात लिहिलंय तेवढंच करायचं." आणि खरंच, त्या तशा बसायच्या. चेहराही कोरा करायच्या. मास्तरांना त्याचं भारी कौतुक. आल्यागेल्याला सांगायचे, "आमची ही कोरी होऊन बसते. तुम्ही बसून दाखवा बरं!"

या कौतुकानेच त्यांचा घात केला.

त्या वर्षी नवी बॅच जमली, त्यात एक पार्लरवाली होती. दुसऱ्याच्या पार्लरमध्ये राबणारी, स्वतःचं पार्लर उघडायचं ठरवलेली, बोलायला अघळपघळ. तिला आपल्या पार्लरचं पान स्वतःच्या हाताने करायचं होतं. "पैसे देऊन कुणीही करून देईल मास्तर, पण मग ते बदलायला रोज त्याच्या दाराशी जा!" मास्तरांना ती पहिल्याच दिवशी आवडली. घरी येऊन त्यांनी लॅपटॉप उघडला, काकूंना हाक मारली आणि पहिला धडा समोर ठेवला.

ठक्क. "अडलं."

मास्तर चमकले. हा धडा कितीतरी बॅचना शिकवून झालेला. त्यांनी लिहून घेतलं. पुढच्या ओळीवर पुन्हा ठक्क. मग पुन्हा. काकू पडद्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, हा मी आधी केलाय का?"

मास्तर खो खो हसले. "वा! काय पण नाटक! अगं, शाबास! आता कुठे तू खरी कोरी व्हायला शिकलीस."

काकूही हसल्या. जरा उशिराने हसल्या, पण हसल्या.

ऐकणाऱ्याला इथेच शंका आली असेल. मास्तरांना नाही आली. माणूस इतका आंधळा कसा असतो म्हणाल, तर असतो बाबांनो. जी गोष्ट दिसू नये असं मनापासून वाटतं, ती नाकासमोर नाचली तरी दिसत नाही. मास्तरांनी तो धडा बाद केला आणि दुसरा शोधायला बसले. दुसरा मिळाला, त्यातही ठक्क. तिसरा, चौथा. मास्तरांनी ठरवून टाकलं की इंटरनेटवरचे लोकच बिघडले. "पूर्वी जीव ओतून शिकवायचे. आता नुसता झगमगाट!" म्हणत ते अजून सोपं, त्याहून सोपं शोधत राहिले. लहान मुलांसाठीचे धडे आणले, चित्रांचे आणले, ज्यात एक ससा बोट धरून शिकवतो तो आणला. काकूंनी सशाकडेही परक्यासारखं पाहिलं आणि कात्री उचलली.

बाकीच्याही गोष्टी होत होत्या. एका गिऱ्हाइकाच्या शर्टाला काकूंनी दोन्ही बाह्या डाव्या शिवल्या. गिऱ्हाईक शर्ट घालून आरशापुढे उभं राहिलं, ते हसावं की रडावं या बेतात. मास्तर काकूंना चष्म्याच्या दुकानात घेऊन गेले, नवा नंबर लावला. लेकीचा फोन आला की काकू एकच गोष्ट दोनदा विचारायच्या. "आई, आत्ताच सांगितलं ना," लेक म्हणायची. मास्तर फोन ओढून घ्यायचे. "तुझ्या आईला पक्कं कळल्याशिवाय चालत नाही, माहीत नाही का तुला?"

आणि एका संध्याकाळी काज-बटणाचा धडा निघाला. मास्तर तो मुद्दाम मागे ठेवत आले होते. हा तरी नक्की टिकेल अशी त्यांची खात्री. काकू वाचायला लागल्या. पहिल्याच ओळीवर थांबल्या. कात्री उचलली, पण ठक्क न करता हळूच खाली ठेवली.

"काय गं?"

"बटण कशाला ठेवायचं पानावर?" काकूंनी विचारलं.

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बायकोवर नाही हो, धडा लिहिणाऱ्यावर! "बघ, याचंही वाटोळं केलं मेल्यांनी! इतका सुंदर धडा!" त्यांनी तो फाडकन बंद केला. दुसऱ्या दिवशी क्लासात जाऊन सांगितलं की बटणाचा धडा रद्द, दुसरा मिळेपर्यंत सगळ्यांनी कळ काढा.

आता कळ तरी किती काढायची? शिकवायला धडेच उरले नव्हते. मास्तर तेच ते जुनं उगाळत होते, स्वतःचं पान झाल्यावरही हौसेने येणारा कुरिअरवाला यायचा बंद झाला होता, खुर्च्या रिकाम्या पडत होत्या. ग्रंथपाल बाईंनी हळूच सुचवलं होतं की असंच चाललं तर खोली दुसऱ्या कामाला द्यावी लागेल. त्यात पार्लरवाली हसत हसत म्हणाली, "मास्तर, रागावू नका. तो बटणाचा धडा मी घरी मोबाइलवर केला. सोपा आहे की! काकूंनी सांगितलंय ना, आधी बटण, मग काज. झाला रंग लाल."

"तुला जुना कुठेतरी मिळाला असेल. आताचा बिघडवलाय."

"आताचाच आहे. कालच केला."

"शक्य नाही. आमच्या घरी अडला तो. पहिल्या ओळीवर अडला!" मास्तरांचा आवाज चढला. आपण खरे आहोत हे त्यांना दाखवूनच द्यायचं होतं. वाचनालयाचं नेट रडतखडत चालायचं म्हणून मास्तर दर बॅचला सगळे धडे नव्याने उतरवून तिथल्या कॉम्प्युटरवर ठेवायचे. काज-बटणाच्या धड्याची पहिल्या वर्षीची प्रत तिथे जशीच्या तशी होती. त्यांनी एका कॉम्प्युटरवर ती काढली, शेजारच्यावर आजचा धडा उघडला. टायपिंगच्या क्लासात पेपर तपासायची एक पद्धत होती, एकाने मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने बोट ठेवून ताडायचं, विरामचिन्हांसकट. मास्तरांनी पार्लरवालीला जुनी प्रत वाचायला बसवलं आणि स्वतः नव्या धड्यावर बोट ठेवलं.

ती वाचायला लागली. स्वल्पविराम, पूर्णविराम, कंस सुरू, कंस पूर्ण. सुरुवातीला मास्तरांचं बोट तोऱ्यात सरकत होतं. आता सापडेल, पुढच्या ओळीत सापडेल. मग ते हळू झालं. पहिला परिच्छेद झाला, दुसरा झाला. "जरा थांब, हे पुन्हा वाच," मास्तर म्हणाले. तिने पुन्हा वाचलं. "पुन्हा," ते म्हणाले. शेवटचा पूर्णविराम आला, तोही जागच्या जागी होता.

"सेम टू सेम आहे मास्तर," पार्लरवाली आनंदाने म्हणाली. "बघा, म्हटलं नव्हतं?"

त्या खुर्चीत बसल्या बसल्या मास्तरांना एकेक दिसायला लागलं. पहिला धडा बिघडला नव्हता. दुसराही नव्हता. सशाचाही नाही. इंटरनेटवरच्या कुठल्याही माणसाने काहीही बिघडवलं नव्हतं. "हा मी आधी केलाय का?" असं ती खरंच विचारत होती आणि आपण तिला शाबास म्हणालो. ग्रंथपाल बाईंनी पाण्याचा ग्लास आणून दिला, तो हातात तसाच धरून ते जिना उतरले आणि अर्ध्या रस्त्यात कुणीतरी हाक मारली, तेव्हा तो ग्लास त्यांना दिसला.

घरी काकू शिवणयंत्रापाशी बसल्या होत्या. यंत्रात दोरा नव्हता. मास्तर स्टूल ओढून समोर बसले.

"आपण क्लासात त्या बटणाच्या धड्याला काय म्हणतो गं?"

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. "आता कोरी होऊन बसायचं का?"

"नाही. आज कोरी नको होऊस. आज डोक्यात आहे ते सगळं वापर."

काकू हाताने कापडाची घडी घालत होत्या, उलगडत होत्या. मग म्हणाल्या, "अहो, डोक्यात काहीच नाहीये. मी बघते, तर तिथे काही सापडतच नाही."

"मग मला बोलली का नाहीस?"

"बोलले की. रोज ठक्क करत होते." मग जराशाने म्हणाल्या, "मला भीती वाटायची. पण तुम्ही शाबास म्हणायचात. मला वाटलं, तुम्हाला असंच हवंय. म्हणजे बरोबरच चाललंय."

मास्तरांनी काकूंच्या मांडीवरच्या कापडात तोंड घातलं आणि रडले. म्हातारा माणूस, लाज ना शरम, हुंदके देऊन रडला. काकू त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. "अहो, काय झालं? शर्ट बिघडला का? मी उसवून देते ना."

लेक मिळेल त्या गाडीने आली. तिघं मिळून मोठ्या हॉस्पिटलात गेले. डॉक्टर तरुण मुलगी होती, आवाज मायाळू. तिने काकूंना काही शब्द लक्षात ठेवायला सांगितले, मग कोरा कागद दिला. "आजी, यावर एक घड्याळ काढा. काटे पण दाखवा." काकूंनी पेन्सिल घेतली. एक गोल काढला, छान वाटोळा, हात अजून शिंपिणीचाच होता. आत आकडे घालायला लागल्या. ते सगळे एका बाजूला गोळा झाले आणि दुसरी बाजू रिकामी राहिली. काकू त्या रिकाम्या बाजूकडे बघत राहिल्या. मग कात्री शोधल्यासारखा त्यांचा हात टेबलावर फिरला, कात्री नव्हती, म्हणून त्यांनी पेन्सिलीचं मागचं टोक टेबलावर आपटलं. ठक्क.

"अडलं," त्या म्हणाल्या. मग मास्तरांकडे वळून, अगदी कामाच्या आवाजात, "अहो, लिहून घ्या. इथे अडतंय. हा धडा काढून टाका, नव्या माणसाला नाही कळायचा."

डॉक्टरला काही उमगलं नाही. लेकीने भिंतीकडे तोंड फिरवलं. मास्तरांचा हात इतक्या वर्षांच्या सवयीने खिशातल्या पेनाकडे गेला आणि तिथेच राहिला. बाकी कुठलाही धडा त्यांनी तिच्या एका शब्दावर काढून टाकला असता. हा कसा काढून टाकायचा?

"हो," ते म्हणाले. "घेतो लिहून."

काढून टाकलेले धडे मास्तरांनी एकेक करून परत वाचनालयात चढवले. आता त्यांना गाळायला कुणी नव्हतं, पण काकूंनी पूर्वी ज्यांना "कळलं" म्हटलं होतं ते सगळे खरे होते, त्यांना पुन्हा तपासायची गरजही नव्हती. कुरिअरवाला परत आला. पार्लरवालीने पान पूर्ण केलं, त्यावर एक बटण ठेवलं आणि ते दाखवायला घरी आली. काकूंच्या हाताने तिने ते दाबलं. पान लाल झालं. काकूंनी टाळी वाजवली, ती मात्र अगदी पूर्वीसारखी. पार्लरवाली दाराबाहेर जाऊन डोळे पुसत उभी राहिली.

लेक काही दिवस राहिली आणि आईला बघायला सारखी येऊ लागली. मास्तर संध्याकाळी अजून लॅपटॉप उघडायचे. डॉक्टर म्हणाली होती, सवयीचं काही करत राहा. काज-बटणाचा धडा उघडायचा, शेजारी बसायचं. आता गप्प बसायचा करार मात्र नव्हता. मास्तर एकेक ओळ समजावायचे. काकू ऐकायच्या आणि ठक्क करायच्या. मास्तर पुन्हा समजावायचे. ठक्क. त्या आवाजाची आता त्यांना भीती वाटत नव्हती. उलट तो येत होता तोवर बरं वाटायचं. तोवर ती तीच होती. बँकेची रांग खोळंबून ठेवणारी, न कळता मान न हलवणारी.

एका संध्याकाळी असंच चाललं होतं. "हे बघ, नुसतं बटण टाकलं तर ते शोभेचं. मग त्याला काज करायचं, म्हणजे..." एवढं बोलले आणि मास्तरांचा आवाज चिरकला. हे वाक्य हिचंच, आणि आपण ते हिला शिकवतोय. पुढे त्यांना बोलवेना. त्यांनी नुसतं पडद्याकडे बोट केलं. ते वाट बघत राहिले, आता ठक्क येईल म्हणून.

काकू पडद्याकडे बघतच नव्हत्या. त्या मास्तरांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. या माणसाचं काहीतरी दुखतंय एवढंच त्यांना दिसत असावं. तो कोण, हेही त्या दिवशी आठवत होतं की नाही, देव जाणे. त्यांनी हातातली कात्री खाली ठेवली. मास्तरांच्या मनगटावर हात ठेवला आणि मान हलवली, दोनदा, तीनदा, क्लासातली पोरं हलवायची तशी.

"कळलं हो," त्या म्हणाल्या. "कळलं. सगळं कळलं मला."

हा शब्द ऐकायला मास्तरांनी किती धडे शोधले होते! त्यांनी लॅपटॉप मिटला, कात्री उचलून शिवणयंत्राच्या खणात ठेवली आणि चहा टाकायला आत गेले.